मोबाइलमधला सावकार आणि कायद्याने दिलेले हक्क

मागील वर्षी पावसाळ्याच्या सुरुवातीस एका सायंकाळी माझ्या मोबाइलवर अनोळखी क्रमांकावरून एक संदेश आला. त्यात आपल्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याचे छायाचित्र आणि त्याच्या आधार कार्डाची प्रत होती. खाली हिंदीत लिहिले होते की, हा माणूस चोर आहे, कर्ज घेऊन पळाला आहे, तुम्ही त्याचे जामीनदार आहात. मी कोणालाही जामीन राहिलो नव्हतो. पुढे कळले की, हाच संदेश त्याच्या मोबाइलमधील जवळजवळ प्रत्येक क्रमांकावर गेला होता. कारखान्यातील पर्यवेक्षकाला, सासऱ्यांना, बहिणीच्या सासरी आणि वसतिगृहात त्याच्यासोबत राहिलेल्या मित्रांनाही तो मिळाला होता.

मी दोन दिवस त्याला फोन केला नाही. मुलगा वाईट मार्गाला लागला असावा, असे माझ्या मनात आले, याची आज मला खंत वाटते. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच शाळेच्या व्हरांड्यात येऊन उभा राहिला. म्हणाला, “सर, पैशाचं काही नाही, राबून फेडीन. पण तुमच्यापर्यंत गेलं. आता शाळेत कोणत्या तोंडानं येऊ?”

आईच्या औषधोपचारासाठी त्याने एका ॲपवरून ८,००० रुपयांचे कर्ज घेतले होते. ‘प्रक्रिया शुल्क’ व अन्य नावांनी कापून प्रत्यक्षात ५,२०० रुपये हाती आले आणि सातव्या दिवशी ८,००० रुपयांची मागणी सुरू झाली. त्याच्या संमतीने, नाव न देता, ही हकीकत येथे सांगत आहे. कारण आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी आणि पालकांपैकी तो एकटा नाही. मी इतिहासाचा शिक्षक आहे, वकील नाही. परंतु त्या प्रसंगानंतर या विषयाचे नियम मुळातून वाचले. त्यांतील सर्वसामान्य माणसाच्या उपयोगाचा भाग समजावून सांगणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कर्जरोख्याचा जुना इतिहास

कर्ज आणि कायदा यांचे नाते महाराष्ट्राला नवे नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल करून कर्जरोखे आणि खातेवह्या हस्तगत केल्या व जाळून टाकल्या. पुणे व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत हा उठाव पसरला. इतिहासात तो ‘दख्खनचे दंगे’ या नावाने नोंदला गेला आहे. लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर अधिक होता, ही त्यातील लक्षणीय गोष्ट आहे. आपल्याला बांधणारी दोरी म्हणजे हा कागद, हे त्या निरक्षर शेतकऱ्याने अचूक ओळखले होते.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाला आलेला भाव १८६५ नंतर कोसळला, सावकारांनी हात आखडता घेतला आणि सरकारचा शेतसारा मात्र वाढत राहिला, ही या उठावामागील कारणे आपण शाळेत शिकवतो. मला आणखी एक कारण महत्त्वाचे वाटते. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याला तीन वर्षांची मर्यादा घातली होती. व्याज साचत जाऊ नये, हा त्यामागील हेतू. परंतु सावकार दर तीन वर्षांनी जुने मुद्दल आणि थकलेले व्याज एकत्र करून नवा रोखा लिहून घेऊ लागला. कुळाच्या रक्षणासाठी केलेला कायदा कुळाच्याच गळ्याचा फास बनला, कारण त्या रोख्यावर काय लिहिले आहे हे कुळाला वाचता येत नव्हते. त्याच्याकडे होता तो फक्त अंगठा. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात विद्येचा अभाव आणि शेतकऱ्याची लूट यांचा संबंध उलगडला, तो याच काळात.

चौकशी आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये आला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्याने न्यायालयाला रोख्याच्या मागे जाऊन कर्जाचा मूळ हिशेब तपासण्याचा अधिकार दिला. पैसे भरल्याची पावती आणि हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क कुळाला मिळाला. कर्जाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकण्याची पद्धत बंद झाली. कागदावर काय लिहिले आहे एवढेच न पाहता त्यामागील व्यवहार पाहणे, हे त्या कायद्याचे तत्त्व होते. आजचे नियम वाचताना हे तत्त्व ध्यानात ठेवावे.

तारण कोणते?

ज्यांच्याकडे जमीन होती त्यांची जमीन तारण राहत असे. गावकुसाबाहेरील माणसाकडे गहाण ठेवण्यास जमीनच नव्हती. त्याच्याकडे होते ते केवळ श्रम, आणि म्हणून त्याचे श्रमच गहाण पडत. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा देशाला १९७६ मध्ये करावा लागला, यावरून ही प्रथा किती काळ टिकली हे दिसते.

आज मोबाइलवरील कर्जाची जाहिरात सांगते की, तारण नको, जामीनदार नको. हे अर्धसत्य आहे. बेकायदेशीर ॲप उघडताना ते संपर्कयादी, छायाचित्रे आणि संदेश पाहण्याची परवानगी मागते. आपण घाईने ‘मान्य आहे’ हे बटण दाबतो. त्या क्षणी आपण आपली अब्रू तारण ठेवलेली असते. हप्ता चुकला की जप्ती येते ती अब्रूवर. माझ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत नेमके हेच घडले.

आता हिशेब पाहू. ५,२०० रुपये वापरायला मिळाले आणि सात दिवसांनी २,८०० रुपये अधिक द्यायचे. म्हणजे आठवड्याला सुमारे ५४ टक्के, आणि वर्षाच्या हिशेबाने सुमारे २,८०० टक्के. जाहिरातीत मात्र ‘अल्प व्याज’ असे लिहिलेले असते. व्याज खरोखर अल्पच दाखवलेले असते. बाकीची रक्कम शुल्काच्या नावाखाली लपवलेली असते.

नियंत्रण कोणाचे?

आपल्या देशात बँका आणि बँकेतर वित्तीय कंपन्या यांच्यावर रिझर्व्ह बँकेचे नियंत्रण असते. बाबासाहेबांनी ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध १९२३ मध्ये प्रसिद्ध केला आणि पुढे हिल्टन यंग आयोगापुढे चलनाच्या प्रश्नावर साक्ष दिली. याच आयोगाने १९२६ मध्ये मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. चलन आणि पतपुरवठा हा तज्ज्ञांचा खासगी विषय नसून सामान्य माणसाच्या भाकरीचा प्रश्न आहे, हे त्यांच्या लेखनातून आपण शिकलो. ३० डिसेंबर २०१६ रोजी केंद्र सरकारने आणलेल्या पैसे पाठवण्याच्या ॲपला ‘भीम’ हे नाव दिले गेले. नाव आपल्या ओळखीचे आहे. नियमही ओळखीचे व्हायला हवेत.

येथे एक भेद समजून घेणे अगत्याचे आहे. मोबाइलवर दिसणारे ॲप बहुधा स्वतः कर्ज देत नाही. कर्ज देते ती बँक किंवा रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली वित्तीय कंपनी, आणि ॲप हा तिचा मध्यस्थ असतो. मध्यस्थाच्या वर्तनाची जबाबदारी त्या बँकेवर किंवा कंपनीवर असते. ज्या ॲपच्या मागे अशी कोणतीही नोंदणीकृत संस्था नाही, ते शुद्ध बेकायदेशीर होय. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला २०२१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत भारतीयांना उपलब्ध असलेली सुमारे १,१०० कर्ज ॲप आढळली. त्यांपैकी सुमारे ६०० बेकायदेशीर होती.

गावातील परवानाधारक सावकारावर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ लागू असतो आणि त्याची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे जाते. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्तीय कंपन्यांना मात्र राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये केरळ व गुजरातच्या कायद्यांसंबंधी दिला. म्हणून तक्रार करण्यापूर्वी समोरचा धनको कोण आहे, हे प्रथम पाहावे. दार चुकले तर अर्ज फिरत राहतो आणि माणूस थकतो.

कायदा काय देतो?

रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ रोजी डिजिटल कर्जाची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि ८ मे २०२५ रोजी त्यांना एकत्रित निर्देशांचे रूप दिले. या व संबंधित परिपत्रकांतून ऋणकोला मिळालेले मुख्य हक्क असे आहेत.

पहिला हक्क जाणून घेण्याचा. कर्जापूर्वी धनकोने ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे मुख्य माहितीचे पत्रक दिले पाहिजे. त्यात व्याज आणि सर्व शुल्क मिळून वर्षाला एकंदर किती टक्के पडतात, हे एका आकड्यात लिहिलेले असते. पत्रकात नसलेले शुल्क ऋणकोच्या स्पष्ट संमतीवाचून नंतर आकारता येत नाही. १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार हे पत्रक ऋणकोला समजणाऱ्या भाषेत असले पाहिजे. म्हणजे मराठीत मागणे हा आपला हक्क आहे, ती विनवणी नव्हे. पत्रकातील तो एक आकडा वाचला, तर २,८०० टक्क्यांचे कर्ज कोणीही उघड्या डोळ्यांनी घेणार नाही.

दुसरा हक्क सरळ व्यवहाराचा. कर्जाची रक्कम धनकोच्या खात्यातून थेट ऋणकोच्या खात्यात आली पाहिजे आणि परतफेडही थेट धनकोच्या खात्यात झाली पाहिजे. एखादा प्रतिनिधी स्वतःच्या वैयक्तिक क्रमांकावर पैसे पाठवायला सांगत असेल, तर तेथेच सावध व्हावे. मध्यस्थाचे शुल्क धनकोने द्यायचे असते, ते ऋणकोकडून घेता येत नाही.

तिसरा हक्क फेरविचाराचा. कर्ज घेतल्यावर किमान एक दिवसाची मुदत असते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या काळाचे प्रमाणशीर व्याज परत केल्यास दंडाविना कर्जातून बाहेर पडता येते. फार तर पत्रकात आधीच नमूद केलेले एकदाचे प्रक्रिया शुल्क धनको राखून ठेवू शकतो. तसेच ऋणकोच्या स्पष्ट संमतीशिवाय कर्जमर्यादा आपोआप वाढवता येत नाही.

चौथा हक्क खासगीपणाचा, आणि माझ्या मते तो सर्वांत मोलाचा आहे. कर्ज देणाऱ्या ॲपला मोबाइलमधील संपर्कयादी, छायाचित्रे, फाइली आणि कॉलच्या नोंदी पाहण्यास मनाई आहे. ओळख पटवण्यासाठी कॅमेरा किंवा ठिकाण यांची परवानगी एकदाच आणि संमतीनेच घेता येते. थोडक्यात, अब्रू तारण ठेवून घेण्याचा मार्गच नियमाने बंद केला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवले. पुढे २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

पाचवा हक्क सन्मानाचा. १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार थकलेल्या कर्जासाठी सकाळी ८ पूर्वी आणि सायंकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. धमकी देणे, चारचौघांत अपमान करणे, नातेवाइकांना किंवा मित्रांना त्रास देणे यांना सक्त मनाई आहे.

सहावा हक्क दंडाविषयीचा. १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने थकबाकीवरील दंड व्याजाच्या रूपात लावण्यास आणि त्या दंडावर पुन्हा व्याज चढवण्यास मनाई केली. १८५९ नंतरच्या त्या नव्या रोख्यांची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही.

पैसे चोरीला गेल्यास

कर्जाइतकाच मोठा प्रश्न खात्यातून पैसे नाहीसे होण्याचा आहे. शिष्यवृत्ती आता थेट खात्यात येते, म्हणून पालकांनी हे विशेष ध्यानी घ्यावे. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेची असेल तर ग्राहकावर भार नाही. चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा वेळी बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकाची जबाबदारी शून्य असते. चार ते सात दिवसांत कळवल्यास ती मर्यादित असते. ग्राहकाने स्वतःच ओटीपी किंवा पिन सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणून प्रत्येक तास मोलाचा आहे. १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करावा आणि बँकेकडून तक्रार क्रमांक घ्यावा. यूपीआयचा पिन पैसे पाठवण्यासाठी आणि शिल्लक पाहण्यासाठी लागतो, पैसे स्वीकारण्यासाठी कधीही लागत नाही. गावात अंगठा लावून पैसे काढणाऱ्यांनी एरवी आधारचे बायोमेट्रिक कुलूपबंद ठेवावे. ती सोय विनामूल्य आहे.

तक्रारीचा मार्ग आणि त्याच्या मर्यादा

कर्ज घेण्यापूर्वी ॲपमागील संस्थेचे नाव रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर पाहावे. नोंदणीकृत संस्थांशी संलग्न ॲपची यादी तेथे २०२५ पासून उपलब्ध आहे. तंटा झाल्यास प्रथम त्या संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी शुल्क नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. ॲप बेकायदेशीर असेल तर लोकपालाचा उपयोग नाही. तेथे सायबर पोलीस आणि रिझर्व्ह बँकेचे ‘सचेत’ संकेतस्थळ हे मार्ग आहेत. धमकी आणि खंडणी हे भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हे आहेत. संदेश पुसून टाकू नयेत, तेच पुरावे असतात.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. रिझर्व्ह बँकेने वित्तीय कंपन्यांच्या व्याजाला ठरावीक कमाल दर घातलेला नाही. दर उघड करण्याची सक्ती केली आहे. म्हणजे महाग कर्ज कायदेशीर असू शकते, आणि त्याची थकबाकी पतनोंदीत लागून पुढे घरकर्ज किंवा शैक्षणिक कर्ज अडू शकते. या नियमांनी कर्ज माफ होत नाही. एक बेकायदेशीर ॲप बंद केले की तेच लोक दुसऱ्या नावाने येतात. शिवाय नियम कागदावर असणे आणि ठाण्यात तक्रार नोंदली जाणे यांत अंतर असते. आम्ही दोघे गेलो तेव्हा पहिल्या दिवशी “कर्ज घेतलंच कशाला?” एवढेच ऐकून परत आलो. दुसऱ्या दिवशी परिपत्रकाची प्रत, संदेशांची चित्रे आणि बँकेचा उतारा घेऊन गेलो, तेव्हा अर्ज स्वीकारला गेला.

आपण काय करावे?

त्याला गेलेले पैसे परत मिळाले नाहीत. फोन मात्र काही आठवड्यांनी थांबले. या अनुभवातून मला उमगले ते असे की, या सावकाराचे खरे बळ आपल्या लाजेत आहे. नियमाने संपर्कयादीचे दार बंद केले, तरी लाजेचे दार आपल्यालाच बंद करावे लागेल. असा संदेश आपल्या मोबाइलवर आला, तर तो पुढे पाठवू नये आणि त्या माणसाबद्दल मत बनवू नये. त्याला लगेच फोन करावा. मी दोन दिवस थांबलो. तुम्ही थांबू नका.

भगवान बुद्धांनी अनाथपिंडिकाला सांगितलेल्या गृहस्थाच्या चार सुखांत ‘अनणसुख’, म्हणजे ऋणमुक्त असण्याचे सुख गणले आहे. गृहस्थी जीवनातील कर्जाचे दुःख धम्माने दुर्लक्षिलेले नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने अंगठा सोडून सही करण्यासाठी किती सोसले, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. सही करता येणे ही पहिली पायरी होती. सही करण्यापूर्वी वाचणे ही दुसरी. ‘मान्य आहे’ हे बटणही सहीच आहे.

माजी विद्यार्थी संघाला माझी एक विनंती आहे. महिन्यातून एका रविवारी, वंदनेनंतर एक तास, बँकेत किंवा वकिलीत असलेल्या आपल्या दोघा-तिघांनी शाळेत बसावे आणि येणाऱ्यांचे कर्जाचे कागद वाचून समजावून द्यावेत. मी बसेनच. ज्याच्यामुळे हा लेख लिहिला, तो विद्यार्थीही येणार आहे. मागील महिन्यात त्याने दहावीच्या मुलांना त्या सात दिवसांचा हिशेब फळ्यावर मांडून दाखवला. व्हरांड्यात खाली मान घालून उभा असलेला तोच मुलगा त्या दिवशी वर्गात ताठ उभा होता.